नाकाचा फोटो काढताय? थांबा जरा!

आधी एक खुलासा करून टाकतो. मी डॉक्टर नाही. पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडमधले किडे शोधतो. त्यामुळे "हा कोण शहाणा लागून गेला आम्हाला शिकवणारा?" असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. पण टेस्टिंग म्हणजे काय, एखादी चाचणी कधी उपयोगाची आणि कधी निव्वळ टाइमपास, हा माझा रोजचा धंदा आहे. आणि शिवाय माझ्या घरात एक पिशवी आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

"मला सायनस आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलंय. अहो, सायनस सगळ्यांनाच असतो! हे म्हणजे "मला गुडघा आहे" असं सांगण्यासारखं झालं. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि पार आत कवटीच्या तळाशी हवेनं भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या अस्तराला सूज आली की तो सायनुसायटिस. पण आपण पोकळीलाच आजार म्हणायला लागलो, आणि एकदा तसं म्हटलं की त्या पोकळीचा फोटो काढणं आलंच. (आमच्याकडे एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही. "फोटो काढून आणा" असंच म्हणतात.)

तर झालं असं. गेल्या शनिवारी वालचंदनगरला घरी गेलो होतो. ताई माहेरपणाला आली होती, सोबत साडेचार वर्षांचे आमचे भाचेबुवा. स्वारीला सर्दी. नाकातून पिवळं-हिरवं वाहतंय, रात्री खोकला, पण दिवसभर अंगणात सायकल पिटाळणं चालू. सर्दीचा सहावा दिवस. मी चपला काढतो न काढतो तोच दाजींनी हातात चिठ्ठी ठेवली.

"बरं झालं आलास. गाडी काढ. बारामतीला जाऊन याचा फोटो काढून आणू."

चिठ्ठीवर लिहिलेलं, एक्स-रे पी.एन.एस., वॉटर्स व्ह्यू. खाली एक अँटिबायोटिक, एक सर्दीचं औषध, नाकात सोडायचे थेंब.

"दाजी, कशाला फोटो?"

"सायनस आहे का बघायला."

"आणि नसला तर?"

"नसला तर चांगलंच की!"

"नाही, म्हणजे नसला तर अँटिबायोटिक बंद करायला सांगितलंय का?"

दाजी गप्प. ताई म्हणाली, "औषध कालच सुरू केलंय. फोटो आपला खात्रीसाठी."

इथं माझी सटकली. कारण औषध काल सुरू झालंय, फोटो आज काढायचाय आणि फोटोत काहीही आलं तरी औषध तेच राहणार. आमच्या भाषेत सांगायचं तर, प्रोग्रॅम आधीच प्रॉडक्शनला गेलाय आणि आता टेस्ट रन करायचीय, तीही अशी की पास होवो वा नापास, कुणी काही बदलणार नाही. अशी टेस्ट मी ऑफिसात लिहिली तर माझा लीड मला दारातून परत पाठवेल. इथं मात्र त्यासाठी तापलेल्या पोराला उसाच्या ट्रॅक्टरांमधून बारामतीपर्यंत न्यायचं, अंधाऱ्या खोलीत उभं करायचं, रडवायचं आणि वर पैसे मोजायचे.

आता ती पिशवी.

आमच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खालच्या खणात, एक मोठी प्लास्टिकची पिशवी आहे. त्यात आईच्या नाकाचे तीन फोटो आहेत, सहा वर्षांत काढलेले. आईचं डोकं दुखायचं. महिन्यातून तीन-चारदा, कपाळ आणि डोळ्याच्या मागं, इतकं की ती पडदे लावून पडून राहायची. पहिल्यांदा फोटो काढला त्यात उजव्या गालाच्या पोकळीत "धुरकटपणा" निघाला. झालं, सायनस! अँटिबायोटिकचा कोर्स. चार दिवसांनी डोकं थांबलं, म्हणजे औषध लागू पडलं असं आम्ही समजलो. (ते तसंही थांबणारच होतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.) पुढच्या महिन्यात पुन्हा दुखलं. मग दुसरा फोटो, दुसरा कोर्स. तिसऱ्या फोटोत काहीच दिसलं नाही, तर "फोटोत येत नाही कधीकधी" म्हणून तिसरा कोर्स! त्या कोर्सनं तिला असे जुलाब लागले की सलाइन लावावं लागलं.

यात सगळ्यात वाईट भाग असा की, दुसरा आणि तिसरा फोटो काढायला लावणारा मीच होतो. नोकरी लागली होती, हातात पैसा होता, पुण्यात बसून फोनवर "आई, हयगय नको, फोटो काढून घे, पैसे मी पाठवतो" म्हणायला काय जातंय? मला वाटायचं मी तिची काळजी घेतोय.

शेवटी तिला पुण्याला आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीतले तिन्ही फोटो बघून बाजूला ठेवले आणि वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. डोकं एका बाजूचं दुखतं का? उजेड सहन होतो का? मळमळतं का? जिना चढलं की वाढतं का? आईच्या आईला होतं का असं? आई म्हणाली, "हो की, आमच्या आईला अर्धशिशी होती." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हालाही तीच आहे."

मला तेव्हा रागच आला होता. इतक्या लांबून आणलं आणि बाईंनी एक फोटोसुद्धा काढला नाही! पण मायग्रेनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत आईचे पडदे लावून पडायचे दिवस महिन्यात एखाद्यावर आले. सहा वर्षं! आणि आजीकडे त्या दुखण्याचं नाव आधीपासून होतं.

हे आमच्याच घरी घडलं असंही नाही. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. "आमचं डोकं सायनसमुळे दुखतं" असं स्वतःच सांगणारे २,९९१ लोक त्यांनी तपासले. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ जणांच्या पोकळ्यांवर विनाकारण आळ!

बरं, मग पहिल्या फोटोत तो "धुरकटपणा" आला कुठून? त्यासाठी १९९४ चा आणखी एक अभ्यास सांगतो, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. ग्वाल्टनी नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी सर्दी झालेल्या ३१ जणांच्या नाकाचा सीटी स्कॅन काढला. साध्या सर्दीच्या, बरं का. ८७ टक्के लोकांच्या गालाच्या पोकळ्यांमध्ये काही ना काही बिघाड दिसला. मग दोन-तीन आठवड्यांनी त्यातल्या १४ जणांचा पुन्हा स्कॅन केला. कुणालाही अँटिबायोटिक दिलेलं नव्हतं, तरी ७९ टक्क्यांचं साफ झालेलं होतं किंवा बरंच सुधारलेलं होतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सर्दी झाली की नाकाबरोबर सायनसचं अस्तरही सुजतं. त्यामुळे सर्दीत फोटो काढला तर त्यात "काहीतरी" दिसणार हे जवळपास ठरलेलंच आहे. फोटोला फक्त सूज आणि पाणी दिसतं. ती सूज विषाणूची की जिवाणूची, हे फोटो सांगत नाही, सांगू शकत नाही. आणि अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे तर नेमकं त्याच एका गोष्टीवर ठरतं. ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय तो प्रश्न हे यंत्र विचारतच नाही!

मग ओळखायचं कसं? कॅलेंडर बघून. गंमत नाही करत. कान-नाक-घशाच्या अमेरिकन डॉक्टरांची संघटना असो की तिथल्या बालरोगतज्ज्ञांची, दोघांचंही म्हणणं हेच आहे: लक्षणं दहा दिवसांपर्यंत असतील आणि हळूहळू का होईना उतरत असतील तर ती विषाणूची सर्दी. दहा दिवस उलटूनही काहीच फरक नसेल, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा उलटलं असेल, किंवा सुरुवातीपासूनच जोराचा ताप आणि घट्ट शेंबूड असं सलग तीन-चार दिवस चाललं असेल, तर जिवाणूंचा संशय घ्यायचा. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हाही एक गोड गैरसमज. साध्या सर्दीतही चार-पाच दिवसांनी तो पिवळा-हिरवा होतोच. आणि साध्या सायनुसायटिसमध्ये फोटो काढू नका हे या संघटनांनी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट लिहून दिलंय. लहान मुलांच्या बाबतीत २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर ते ठळकपणे आहे. साडेचार वर्षांच्या पोराच्या कपाळातले सायनस अजून धड तयारच झालेले नसतात. ते फोटोत दिसण्याजोगे व्हायला साधारण सहा-आठ वर्षांचं वय उजाडावं लागतं. जे अजून नाही, त्याचा फोटो काढायला आम्ही बारामतीला निघालो होतो!

आता वालचंदनगरच्या लोकांना एक वेगळी गोष्ट सांगतो, कारण आपल्या गावाला एक्स-रे नवा नाही. आपल्या कंपनीत साखर कारखान्यांची यंत्रं होतात, अणुभट्ट्यांसाठी आणि इस्रोच्या रॉकेटसाठी भाग होतात. असल्या कामातलं महत्त्वाचं वेल्डिंग रेडिओग्राफी केल्याशिवाय पास होत नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, आयुष्यभर फॅब्रिकेशनमध्ये होते. त्यांना मी विचारलं, "तुमच्याकडे फोटो कधी काढायचे हो?"

ते म्हणाले, "ड्रॉइंगवर लिहिलं असेल तरच. उगाच कोण काढणार? आणि काढायच्या आधीच कागदावर असतं की एवढा दोष आला तर पास, याच्यावर आला तर खोदून पुन्हा वेल्ड. आणि फिल्मवर जॉइंटचा नंबर, तारीख आणि पेनिट्रामीटर दिसला नाही तर ती फिल्मच रद्द. मग आत वेल्ड कितीही चांगलं असू दे."

"आणि फिल्म वाचायचं कोण?"

"त्याची परीक्षा पास झालेला माणूस. वेल्डर नाही. वेल्डरनं आपलीच फिल्म पास करायची म्हणजे झालंच!"

वाचा पुन्हा एकदा. लोखंडाच्या नळीचा फोटो काढताना आपल्याला चार गोष्टी लागतात: काढायचं कारण, निकालानुसार काय करायचं याचा आधीच केलेला निर्णय, फोटो नीट आलाय याची खूण, आणि वाचणारा स्वतंत्र, शिकलेला माणूस. आणि आईच्या डोक्याचा फोटो काढताना? कारण "खात्रीसाठी". निर्णय आधीच झालेला. फोटो सरळ आलाय की वाकडा हे कुणी बघितलं नाही. आणि रिपोर्ट म्हणजे चिठ्ठीच्या मागं पेननं लिहिलेला एक शब्द. एका बॉयलरला जेवढा मान मिळतो तेवढा तरी आईला मिळायला हवा होता की नाही?

वाकड्या फोटोवरनं आठवलं. वॉटर्स व्ह्यू नावाची ही पद्धत १९१५ सालची, वॉटर्स आणि वॉल्ड्रन या दोघांची. यात हनुवटी वर उचलून प्लेटला टेकवायची असते आणि नाक प्लेटपासून थोडं दूर ठेवायचं असतं. हे कशासाठी? कानामागच्या हाडाची एक दाट सावली असते, ती गालाच्या पोकळीच्या खाली जावी म्हणून. हनुवटी पुरेशी वर गेली नाही तर ती सावली नेमकी पोकळीवर पडते आणि फोटोत "धुरकट" दिसतं. मान जरा एका बाजूला वळली तर एक बाजू पांढरी आणि एक काळी दिसू शकते. झोपवून फोटो काढला तर आतल्या पाण्याची आडवी रेघ, जी या फोटोतली त्यातल्या त्यात कामाची खूण, ती दिसतच नाही. आता सांगा, रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या साडेचार वर्षांच्या पोराची हनुवटी कोण आणि किती वेळ धरणार?

इथं काही आक्षेप येणार हे मला माहितीय. एकेक घेतो.

पहिला आक्षेप, "काही बिघडतंय का एका फोटोनं? चार पैसे गेले तर गेले." किरणांबद्दल म्हणाल तर खरंच फारसं बिघडत नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितोय. व्हॉट्सअ‍ॅपवर "एक्स-रेनं कॅन्सर होतो" असलं काहीतरी फिरत असतं, त्याच्या नादी लागू नका. आपल्यावर जमिनीतून, आकाशातून, अन्नातून नैसर्गिक किरणोत्सर्ग पडतच असतो, जगाची सरासरी वर्षाला साधारण २.४ मिलिसीव्हर्ट. सायनसच्या एका फोटोचा डोस म्हणजे त्यातले काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे. सीटीचा डोस याच्या कित्येक पट असतो, तरी गरज असेल तेव्हा तोही घ्यावाच. माझं भांडण किरणांशी नाहीच. फोटोमुळे जे पुढे होतं त्याच्याशी आहे. फोटोत धुरकट दिसलं की नको असलेलं अँटिबायोटिक पोटात जातं, जिवाणू निर्ढावतात, जुलाब होतात, आणि खरा आजार सहा वर्षं पडद्यामागं पडून राहतो. फोटो स्वस्त आहे. चुकीचं निदान फार महाग पडतं.

दुसरा आक्षेप, "डॉक्टर काय वेडे आहेत का?" मुळीच नाहीत. आणि सगळे लबाडही नाहीत. पण काही प्रश्न विचारावेच लागतात. पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून जे लिहिलं, ते २०१६ साली 'डिसेंटिंग डायग्नोसिस' या इंग्रजी पुस्तकात आलं. त्यात गरज नसलेल्या तपासण्या आणि तपासणीमागचं कमिशन याबद्दल डॉक्टरांनीच बोलून दाखवलंय. २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं या "कट प्रॅक्टिस"च्या विरोधात कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला, माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून. मसुद्यावर चर्चा भरपूर झाली, कायदा काही आला नाही. म्हणजे रोग आहे हे सरकारलाही ठाऊक होतं. त्याच्यावरचा कोर्स मात्र अर्धवट राहिला.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती आपली आहे. "फोटो न काढणारा कसला डॉक्टर?" हे कोण म्हणतं? आपणच! नुसते प्रश्न विचारून "दहा दिवस वाट बघा, मिठाच्या पाण्यानं नाक धुवा" सांगणाऱ्या डॉक्टरला आपण फी देताना तोंड वाकडं करतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्याकडे जातो. मी नाही का पुण्याच्या बाईंवर चिडलो होतो? पेशंट जायला नको म्हणून फोटो लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हातात ते पेन आपणच दिलेलं असतं.

तिसरा आक्षेप, "डॉक्टरला असं विचारलं तर चिडतात." चिडू देत. आपल्याला तो अधिकार आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या जानेवारीत शुश्रूषागृहांचे नियम बदलले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक झालं. तपासणी कशासाठी हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. फक्त विचारायची रीत असते. "हे कशाला?" असं अंगावर जाऊन विचारू नका. हे वाक्य पाठ करा: "डॉक्टर, फोटोत काही निघालं किंवा नाही निघालं, तर औषधात काय बदल होईल?" उत्तर "हा बदल होईल" असं असेल तर फोटो जरूर काढा. उत्तर "काही नाही" असेल तर नमस्कार करून घरी या.

आता हेही सांगायला हवं की "फोटो नको" म्हणजे "दुर्लक्ष करा" नव्हे. उलट काही वेळा साधा फोटो अपुरा पडतो म्हणून तो नको. डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं, नजर कमी होणं, मान आखडणं, असह्य डोकेदुखी, गुंगी, हे दिसलं तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, तिथं सीटी लागेल. बारा आठवड्यांच्या वर नाक बंद, वास येत नाही, असं चाललं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून नाक बघायला हवं, आणि फोटो लागलाच तर सीटीचा. आणि २०२१ विसरू नका. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसनं, काळ्या बुरशीनं, महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले ते आपण पाहिलंय. साखर आटोक्यात नसलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या माणसांना ती जास्त धरत होती. अशा माणसाचा एका बाजूचा गाल दुखतोय, बधिर झालाय, टाळूला काळा डाग आहे, दात हलतायत, आणि साध्या फोटोत "नॉर्मल" आलं म्हणून तो घरी बसला, तर त्या फोटोनं त्याचा घातच केला. तिथं दुर्बीण आणि एमआरआय किंवा सीटी हवा, आणि तोही लगेच. मधुमेहाच्या पेशंटनं साध्या फोटोवर भरवसा ठेवू नये.

इतकं सगळं होऊन फोटो काढायचाच ठरला, तर निदान नीट काढून घ्या:

१. कानातलं, नथ, चष्मा, केसांच्या पिना, गळ्यातलं, काढता येणारी कवळी, सगळं आधी काढून ठेवा. धातूची सावली पडते आणि मग फोटो परत काढावा लागतो.

२. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधीच सांगा. डोक्याच्या फोटोत पोटापर्यंत किरणं नगण्य पोचतात, त्यामुळे घाबरू नका, पण सांगायचं.

३. उभं राहून किंवा बसून काढायचा आग्रह धरा. हनुवटी वर, तंत्रज्ञ सांगेल तसं, आणि सांगितल्यावर क्षणभर श्वास रोखून अजिबात हलू नका.

४. सोबतचे नातेवाईक बाहेर. लहान मुलाला धरावंच लागलं तर धरणाऱ्यानं शिशाचा अ‍ॅप्रन घालायचा, आणि गरोदर बाईनं मुळीच धरायचं नाही.

५. एक्स-रेच्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. मुंबईतल्या अणुशक्तीनगरचं हे मंडळ १९८३ पासून आहे. परवाना आहे का हे विचारायला लाजू नका. दारावर किरणोत्सर्गाची खूण आणि लाल दिवा आहे का तेही बघा. आमचे अण्णा तर पहिलं तेच बघतात.

६. फोटोवर नाव, तारीख आणि उजवी-डावी बाजू दाखवणारी खूण आहे का बघा. रेडिओलॉजिस्टच्या सहीचा लेखी रिपोर्ट मागा, नुसती फिल्म घेऊन येऊ नका. आणि ती जपून ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरनं नवा फोटो सांगितला तर जुना दाखवता येईल.

असो. बरंच लांबलं. भाचेबुवांचं काय झालं ते सांगून थांबतो.

मी दाजींना म्हटलं, "गाडी काढतो. पण आधी डॉक्टरांना फोन करू आणि एकच प्रश्न विचारू." दाजी कुरकुरले, पण फोन त्यांनीच लावला आणि स्पीकरवर टाकला. मी तेच पाठ केलेलं वाक्य विचारलं. पलीकडे दोन क्षण शांतता. मग डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांना याबद्दल मनापासून मानतो, "खरं सांगू का? काही बदलणार नाही. घरची मंडळी घाबरली होती, म्हणून लिहिला." मी विचारलं, "आणि अँटिबायोटिक?" ते म्हणाले, "ताप नाही ना? खेळतोय ना? मग थांबवा. दहाव्या दिवशी दाखवा. डोळा सुजला, ताप चढला, पोरगं मलूल झालं तर रात्री-अपरात्री सुद्धा फोन करा."

ताईच्या चेहऱ्यावरचा ताण तिथंच उतरला. तिला फोटो नकोच होता. तिला कुणीतरी "कधी घाबरायचं आणि कधी नाही" एवढंच सांगायला हवं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती पिशवी घेऊन बाहेर आली. मला वाटलं आता फेकून देणार. पण तिनं ती ताईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ही तुझ्याकडं असू दे. पुढच्या वेळी कुणी खात्रीसाठी म्हणालं की काढून बघ."

आज नववा दिवस. ताईचा सकाळी फोन आला होता, नाक कोरडं झालंय. भाचेबुवा सायकलवरून पडलेत आणि गुडघा फुटलाय. आता "मला गुडघा आहे" म्हणून रडतायत. :)